गिअर बदलतो कोण?

एस.टी.च्या गाडीत पुढच्या बाकावर बसायला मिळाले, तर एकदा ड्रायव्हरच्या डाव्या हाताकडे नीट लक्ष ठेवून पाहा. गाडी सुटते, थोडा वेग घेते. लगेच हात दांड्यावर जातो आणि दुसरा गिअर पडतो. मग तिसरा, मग चौथा. पुढे चढ लागला की इंजिनाचा आवाज जड होतो, आणि हात पुन्हा खालच्या गिअरकडे येतो. या माणसाला हे कोण सांगते? वेगदर्शकाकडे तो क्वचितच बघतो. तो कानाने इंजिनाची घरघर ऐकतो, पायाने अॅक्सिलरेटर किती दाबला आहे हे जाणतो, आणि हात आपोआप हलतो.

त्याच्या जागी यंत्र बसवायचे असेल, तर त्या यंत्राला दोन गोष्टी कळायला हव्यात. गाडी किती वेगाने चालली आहे ही एक, आणि चालकाला किती जोर हवा आहे ही दुसरी. या दोन राशींवरून गिअर ठरवणारी स्वयंचलित गिअरपेटी लोकांना मिळाली ती १९४० सालच्या ओल्ड्समोबिल या अमेरिकन गाडीत. तिचे नाव हायड्रामॅटिक. तिच्यात विजेचा विचारही नव्हता. सगळा निर्णय तेलाच्या दाबावर होत असे. नंतर या निर्णयात इलेक्ट्रॉनिकी शिरली. फ्रान्सच्या रेनॉ कंपनीने १९६९ साली आपल्या 'रेनॉ १६' या गाडीच्या एका प्रकारात इलेक्ट्रॉनिक नियंत्रण आणले, आणि १९८० नंतर सूक्ष्मसंगणक आल्यावर ते झपाट्याने पसरले.

आज आपण त्या काळातली एकच गाडी उघडून पाहणार आहोत. १९८७ सालची अमेरिकन 'जीप चेरोकी'. जीप म्हटल्यावर आपल्यापुढे उघडी, खडखडणारी गाडी उभी राहते, कारण महिंद्र कंपनीने मुंबईत विलीज जीप जोडायला सुरुवात केली आणि तीच आपल्या डोळ्यांत बसली. चेरोकी मात्र बंद टपाची, सहा सिलिंडरांच्या चार लिटर इंजिनाची गाडी होती. गाडी अमेरिकन असली तरी तिची चार गिअरांची पेटी जपानमधल्या आयसिन-वॉर्नर कंपनीची होती. 'ए डब्ल्यू ४' हे तिचे नाव. आज ही गाडी जुन्या गाड्यांच्या शौकिनांकडे सापडते. तीच निवडण्याचे कारण असे की तिच्यातली इलेक्ट्रॉनिकी अगदी थोडी आहे. आजच्या पेटीत इतके काही ठासून भरलेले असते की मूळ तत्त्व शोधावे लागते. इथे ते उघड्यावर दिसते.

आधी, गिअर हवेतच कशाला? या गाडीचे चाक एका फेऱ्यात सुमारे २.२ मीटर पुढे जाते. चाकाच्या एका फेऱ्यासाठी पेटीबाहेर येणारा दांडा मागच्या आसाशी असलेल्या दंतचक्रांमुळे ३.५५ फेरे घेतो. पेटीच्या आत पहिल्या गिअरात इंजिनाचे २.८ फेरे म्हणजे बाहेरच्या दांड्याचा एक फेरा, दुसऱ्यात १.५३, तिसऱ्यात बरोबर १, आणि चौथ्यात ०.७५. आता हिशेब करा. ताशी २० किलोमीटर वेगाला बाहेरचा दांडा सेकंदाला सुमारे ९ फेरे घेतो. पहिला गिअर असेल तर इंजिनाचे मिनिटाला साधारण १,५०० फेरे होतात, म्हणजे ते मजेत चालेल. चौथा असेल तर जेमतेम ४००. एवढ्या मंद गतीत ते इंजिन उभ्या गाडीतही चालू राहणार नाही. उलट ताशी १०० किलोमीटरला चौथ्या गिअरात फेरे येतात सुमारे २,०००, आणि पहिल्यात ७,५०० च्या वर. इतके फेरे सोसण्यासाठी ते इंजिन बनवलेलेच नाही. हे आकडे लक्षात ठेवा, पुढे एका महत्त्वाच्या जागी लागतील.

पेटीच्या आतली यांत्रिक रचना मी थोडक्यात सांगतो, कारण आपले लक्ष आज दुसरीकडे आहे. इंजिन आणि पेटी यांच्यामध्ये तेलाने भरलेला एक गोल डबा असतो. त्यात समोरासमोर दोन पंखे. इंजिनाने एक फिरवला की तेल दुसऱ्यावर आपटते आणि तोही फिरू लागतो. म्हणून गाडी थांबली तरी इंजिन बंद पडत नाही. पायाने दाबायचा क्लच लागतच नाही. पुढे ग्रहचक्रांचे तीन संच असतात. मध्ये सूर्यचक्र, त्याभोवती फिरणारी लहान ग्रहचक्रे, ती धरून ठेवणारा वाहक, आणि बाहेरून आतल्या बाजूला दाते असलेले कडेचक्र. यातला कोणता भाग रोखून धरला आणि कोणता फिरवला यावर गिअर ठरतो. उदाहरणार्थ, सूर्यचक्राचे दाते कडेचक्राच्या एक तृतीयांश आहेत असे समजा. सूर्यचक्र रोखून वाहक फिरवला, तर वाहकाच्या पाऊण फेऱ्यात कडेचक्राचा पूर्ण फेरा होतो. आपला ०.७५ हा चौथा गिअर असाच मिळतो. दंतचक्रे एकमेकांत कायम गुंतलेलीच असतात. रोखणे आणि जोडणे हे काम चकत्यांचे थर करतात, आणि त्या चकत्या दाबतो तेलाचा दाब. समजा तेलाचा दाब दर चौरस सेंटिमीटरला ५ किलो आहे आणि दट्ट्याचे क्षेत्रफळ १०० चौरस सेंटिमीटर आहे. म्हणजे चकत्यांवर ५०० किलोंचा भार आला. शक्ती तेलाची आहे. प्रश्न फक्त ते तेल कोणत्या वाटेने सोडायचे, आणि केव्हा, एवढाच.

हायड्रामॅटिकसारख्या पेट्यांत या 'केव्हा'चे उत्तर कसे मिळत असे ते पाहा, कारण ते फार सुंदर आहे. पेटीबाहेर येणाऱ्या दांड्यावर काही वजने बसवलेली असतात. दांडा फिरू लागला की ती बाहेर फेकली जाऊ लागतात आणि एका झडपेतून वेगानुसार वाढणारा दाब तयार करतात. दुसरीकडे अॅक्सिलरेटर जितका जास्त दाबावा तितका वाढणारा दुसरा दाब तयार होतो. एका नळीत सरकणारी एक लहान झडप घ्या. तिच्या एका टोकाला वेगाचा दाब, दुसऱ्या टोकाला पायाचा दाब आणि एक स्प्रिंग. वेगाची बाजू जिंकली की झडप सरकते, तेलाला नवी वाट मिळते आणि वरचा गिअर पडतो. पायाने जोर केला तर झडप लवकर हलत नाही, गाडी खालच्याच गिअरात जास्त वेळ राहते. एस.टी.च्या ड्रायव्हरचा कान आणि पाय यांचे भांडण एका बोटभर झडपेत मिटवले! याला मी बिनदिक्कत संगणक म्हणेन. आकड्यांऐवजी दाबांवर चालणारा, एवढाच फरक.

पण या संगणकाला मर्यादा होत्या. फिरणाऱ्या वजनाचा बाहेर पडण्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट तर जोर चौपट. मंद वेगाला दाब फारच थोडा आणि जोरात वेगाला फारच जास्त, ही अडचण होती, म्हणून मंद वेगासाठी जड आणि जलद वेगासाठी हलकी अशी वेगवेगळी वजने बसवावी लागत. शिवाय एकदा स्प्रिंग आणि वजने ठरली की गाडीचा स्वभाव ठरला. चालकाला आज सावकाश जायचे आहे की ओझे भरून चढ चढायचा आहे, हे त्या झडपेला कसे कळणार? स्वभाव बदलायचा तर पेटी उघडून स्प्रिंग बदला.

आता १९८७ च्या चेरोकीकडे येऊ. फिरणारी वजने गेली. त्यांच्या जागी बाहेरच्या दांड्यावर एक चुंबक बसवला आहे, आणि त्याच्या वाटेवर एक लहानसा चुंबकाने मिटणारा स्विच. दांड्याचा प्रत्येक फेरा पुरा झाला की स्विच एकदा मिटतो आणि उघडतो, म्हणजे विजेचा एक ठोका जातो. ताशी ६० किलोमीटर वेगाला सेकंदाला किती ठोके जातील? वरच्याच आकड्यांवरून काढा. उत्तर सुमारे २७ येईल. संगणकाने नुसते मोजायचे. वर्ग नाही, स्प्रिंग नाही. दुसरीकडे अॅक्सिलरेटरने उघडणाऱ्या हवेच्या झडपेच्या आसावर एक बदलता रोध असतो, प्रयोगशाळेतल्या आपल्या सरकत्या रोधासारखाच, फक्त गोल. पाय दाबला की त्यावरचा सरकता स्पर्श फिरतो आणि विभवांतर बदलते. सामानाच्या कप्प्यात हात घालावा तितक्या जवळ, पुढच्या फळीखाली बसवलेल्या एका पेटीत ही दोन्ही माहिती पोहोचते. तिथला सूक्ष्मसंगणक आपल्या स्मृतीत कायमचा नोंदलेला तक्ता उघडतो. पाय इतका, वेग इतका, तर गिअर अमुक. सुरुवातीच्या वर्षांतल्या गाड्यांत चालकासमोर एक बटणही होते, 'आराम' आणि 'जोर' असे दोन पर्याय असलेले. बटण दाबले की संगणक दुसरा तक्ता वाचू लागे, आणि गिअर जास्त वेगाला बदलत. पेटी न उघडता गाडीचा स्वभाव बदलला.

तक्त्यात एक बारकावा आहे, आणि तो घरच्या फ्रिजमध्येही आहे. वर चढण्याचा वेग आणि खाली उतरण्याचा वेग एकच ठेवलेला नसतो. समजा ठराविक पायाला तिसऱ्यातून चौथ्यात जायचे ताशी ७० ला, आणि परत तिसऱ्यात यायचेही ७० लाच. गाडी ७० च्या आसपास चालली असता काय होईल? ६९ झाले की तिसरा, ७१ झाले की चौथा, पुन्हा तिसरा. चकत्या झिजतील आणि प्रवाशांच्या माना दुखतील. म्हणून चढायचे ७० ला, तर उतरायचे, समजा, ५५ ला. मधल्या पट्ट्यात जो गिअर असेल तोच राहू द्यायचा. फ्रिजचा पंपही असाच ठरलेल्या तापमानाच्या थोडा वर सुरू होतो आणि थोडा खाली बंद होतो. तो क्षणाक्षणाला चालू-बंद झाला असता तर केव्हाच जळून गेला असता.

निर्णय झाला. तो अमलात कसा आणायचा? संगणकाच्या हातात चकत्या दाबण्याइतकी ताकद नाही, आणि ती लागतही नाही. तेलाच्या वाटेवर अंगठ्याएवढी सोलेनॉइडे बसवली आहेत. तांब्याच्या तारेचे वेटोळे, त्याच्या मध्ये एक लोखंडी दांडी. प्रवाह सोडला की दांडी आत ओढली जाते, तेलाचे एक बारीक भोक उघडते, झडपेवरचा दाब निघून जातो, आणि स्प्रिंग त्या झडपेला सरकवते. वेटोळ्याचा रोध ११ ते १५ ओम असतो. १३ धरा. बारा व्होल्टच्या बॅटरीवर प्रवाह सुमारे ०.९ अँपिअर, शक्ती सुमारे ११ वॅट. तेवढ्यावर शेकडो किलोंचा दाब इकडून तिकडे वळवला जातो. धरणाच्या भिंतीमागचे पाणी सोडायला पाण्याएवढी ताकद लागत नाही, दार उघडण्यापुरती लागते, तसेच हे.

गिअर बदलण्यासाठी अशी सोलेनॉइडे किती हवीत? चार गिअर म्हणून चार, असे बहुतेक जण म्हणतील. या पेटीत आहेत फक्त दोन. प्रत्येक चालू किंवा बंद. दोघांच्या मिळून चार अवस्था. चालूला १ आणि बंदला ० लिहू, आणि पहिले सोलेनॉइड आधी, दुसरे नंतर वाचू:

पहिला गिअर: १, ०
दुसरा गिअर: १, १
तिसरा गिअर: ०, १
चौथा गिअर: ०, ०

द्विमान पद्धती शिकवताना मुले नेहमी विचारतात की याचा उपयोग काय. हा घ्या उपयोग, तेलात बुडालेला. पण थांबा. क्रम विचित्र नाही वाटत? सरळ मोजायचे तर ००, ०१, १०, ११ असे यायला हवे होते. इथे क्रम उलटासुलटा का?

सरळ क्रम घेऊन पाहू. दुसरा गिअर ०१, तिसरा १०. दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना दोन्ही सोलेनॉइडांनी एकाच क्षणी बदलायला हवे. पण दोन यंत्रे अगदी एकाच क्षणी कधीच हलत नाहीत. एक सेकंदाचा काही हजारावा भाग तरी मागे राहणारच, थंडीत तेल घट्ट असेल तर जास्तच. समजा दुसरे आधी बंद झाले आणि पहिले अजून चालू व्हायचे आहे. मधल्या क्षणी संकेत झाला ००. म्हणजे पहिला गिअर! वरच्या गिअरकडे निघालेली पेटी क्षणभर खालच्या टोकाकडे पाहते. आता चेरोकीचा क्रम बघा. १० ते ११, ११ ते ०१, ०१ ते ००. प्रत्येक पायरीला एकच अंक बदलतो. मध्ये चुकीचा संकेत जन्मायला जागाच नाही. असा क्रम अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेतल्या फ्रँक ग्रे यांच्या नावाने ओळखला जातो. त्यांना त्याचे पेटंट १९५३ साली मिळाले. फिरणाऱ्या आसाचा कोन मोजणाऱ्या यंत्रांतही, याच कारणाने, तो वापरतात.

क्रमाचे दुसरे रहस्य मला अधिक मोलाचे वाटते. वीजच गेली तर काय? तार तुटली, फ्यूज उडाला, संगणक बिघडला. दोन्ही सोलेनॉइडे बंद पडणार, म्हणजे संकेत ००. या संकेताला कोणता गिअर द्यायचा हे आराखडा करणाऱ्याच्या हातात होते. त्याने ताशी १०० किलोमीटरने धावणारी, आत माणसे बसलेली गाडी डोळ्यांसमोर आणली असणार. ०० म्हणजे पहिला गिअर ठेवला असता, तर? आपला आधीचा आकडा आठवा, ७,५०० फेरे. पेटीत एकाच दिशेने पकडणारे क्लच असतात, त्यामुळे चाके इंजिनाला फरफटत तेवढ्या गतीला नेणार नाहीत, हे खरे. पण गाडीचा जोर एकाएकी नाहीसा होईल, आणि गोंधळलेला चालक अॅक्सिलरेटर दाबेल तर इंजिन एकटेच पिसाटल्यासारखे फिरू लागेल. मागून मालमोटार येत असेल तर कल्पना करा. ०० म्हणजे चौथा ठेवल्यावर फेरे राहतात २,०००. आधीच चौथ्यात असेल तर चालकाला कळणारही नाही.

एवढ्यावर आराखडेवाले थांबले नाहीत. दांड्याला यांत्रिक रीतीने जोडलेली एक मोठी झडप त्यांनी तशीच ठेवली. संगणक मेला असता दांडा '१-२' या जागी आणला तर तेलाच्या वाटाच अशा आहेत की पहिला गिअर पडतो. '३' वर तिसरा. 'डी' वर चौथा. रिव्हर्सही राहतो. फक्त दुसरा गेला. म्हणजे वीज गेलेली गाडी हाताने गिअर बदलत घरी नेता येते. तेलाचा मूळ दाब किती असावा हेही त्यांनी संगणकाकडे दिले नाही. ते काम अॅक्सिलरेटरला बांधलेली एक साधी तार करते. केव्हा बदलायचे ते विजेने, किती जोराने पकडायचे ते तारेने.

तिसरे एक सोलेनॉइड आहे, पण ते गिअरसाठी नाही. तेलाच्या डब्यातले दोन पंखे कधीच अगदी सारख्या वेगाने फिरत नाहीत. थोडे घसरणे होतेच, आणि त्यात इंधन वाया जाऊन तेल तापते. म्हणून गाडी स्थिर वेगाने चालली की दोन्ही पंखे एका क्लचने घट्ट जोडतात. ब्रेक दाबला की संगणक ही जोडणी सोडतो, कारण ती तशीच राहिली तर गाडी थांबताना इंजिनही बंद पडेल. आता प्रश्न तुम्हाला: हे सोलेनॉइड वीज नसताना जोडणी घट्ट ठेवणारे असावे की सुटी? ते पहिल्या दोघांच्या उलट बनवले आहे. वीज नसताना याचे भोक उघडे असते, दाब निघून जातो आणि जोडणी सुटी राहते. बिघाड झाला तर थोडे पेट्रोल जास्त जळेल, पण चौकात गाडी बंद पडणार नाही.

आता एक कोडे. गाडी सुटताना अतिशय मंद आहे, जणू ओझ्याखाली दबली आहे. थोड्या वेळाने जरा बरी ओढते, आणि एकदा वेग आला की सगळे ठाक. तक्ता समोर घ्या, आणि पहिल्या सोलेनॉइडची तार तुटली आहे, पण संगणकाला त्याचा पत्ता नाही, असे समजा. पहिला अंक कायम ०. संगणक पहिला मागतो १०, पोहोचते ००: चौथा. म्हणून गाडी सुटताना जड. दुसरा मागतो ११, पोहोचते ०१: तिसरा. म्हणून जरा बरी. तिसरा आणि चौथा यांना पहिल्या सोलेनॉइडची गरजच नाही, ते ठीक. पेटी न उघडता, नुसत्या लक्षणावरून तुम्ही तुटलेली तार ओळखलीत. दुसऱ्या सोलेनॉइडची तार तुटली तर गाडी कशी वागेल, ते आता तुम्ही वर्गात फळ्यावर मांडा. शिक्षकांनी लगेच उत्तर सांगू नये.

निदानाची खात्री करायला मिस्त्रीही पेटी उघडत नाही. तो तारांची जोडणी सुटी करून वेटोळ्याचा रोध मोजतो. ११ ते १५ ओम आला तर वेटोळे शाबूत. अनंत आला तर तार तुटलेली. शून्याजवळ आला तर आतल्या आत जुळलेली. मात्र हे माप गाडी थंड असताना घ्यायचे. तांब्याचा रोध दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.४ टक्के वाढतो. २० अंशांना १३ ओम असलेले चांगले वेटोळे ९० अंशांच्या तेलात साडेसोळा ओम दाखवील, आणि घाईत असलेला मिस्त्री ते फेकून देईल.